विमानाचे दोन तास

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

आज कशावर बोलणार, असें मला विचारण्यांत आलें तेव्हां मीं सांगितलें, दोन विमानतळांमधील अंतर आणि तें कापण्यास लागणारा वेळ यांवर. चौसाळ्यासारख्या गांवच्या निवृत्त शिक्षकाचा विमानाशीं काय संबंध, असा प्रश्न सौजन्यामुळें कोणीं विचारला नाहीं. पण तो मनांत आला असेलच. संबंध आहे, आणि तो कसा जडला तें सांगितल्यावांचून पुढचें बोलणें नीट समजणार नाहीं, म्हणून आधीं तेंच सांगतों.

चौसाळा हें बीड तालुक्यांतील गांव; बालाघाटाच्या पठारावर, धुळे-सोलापूर महामार्गावर वसलेलें. गांवास रस्ता उत्तम आहे. आगगाडी नाहीं, आणि विमानतळाचा तर प्रश्नच नाहीं. खुद्द बीड शहरांत आगगाडी सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, आणि तीही अहिल्यानगरपर्यंतची. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणीं इंजिनाची शिटी ऐकूं येण्यापूर्वीं कितीतरी वर्षें आमच्या मुलांनीं डोक्यावरून जाणारीं विमानें मोजलीं. मीं स्वतः वर्ग बाहेर झाडाखालीं भरविलेला असतांना मुलें एकदम मान वर करून पाहूं लागत आणि माझा अपूर्णांक जागच्या जागीं अपूर्ण राही.

गणित आणि भूगोल शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. अंतराला वेगानें भागिलें कीं वेळ मिळतो, हें सूत्र मीं किती वेळां फळ्यावर लिहिलें याची गणती नाहीं. एक आगगाडी ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाते, तर तीनशें किलोमीटर जाण्यास तिला किती वेळ लागेल? मुलें सांगत, पांच तास. मी बरोबरची खूण करीत असें. त्या गाडीस स्टेशनें लागत नाहींत, सिग्नल आडवा येत नाहीं, कोणी सांखळी ओढीत नाहीं; आणि उतारू घरून स्टेशनावर कसे पोंचले हें तर गणितांत विचारावयाचेंच नसतें.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असूं, दिल्लीस एका सरकारी कचेरींत हिशेबनीस होते. निवृत्त झाल्यावर ते तेथेंच, यमुनेपलीकडच्या वस्तींत, मुलाजवळ राहत. तीन वर्षांपूर्वीं फाल्गुनांत एका रात्रीं दहाच्या सुमारास पुतण्याचा फोन आला. "काका, डॉक्टर म्हणाले कोणाला बोलवायचें असेल तर बोलवून घ्या. बाबा तुमचीच आठवण काढताहेत." शेजारच्या मुलानें मोबाइलवर पाहून सांगितलें, संभाजीनगर ते दिल्ली अंतर ९८० किलोमीटर, विमानास लागणारा वेळ एक तास पंचावन्न मिनिटें, उद्यां दुपारीं साडेचारचें विमान मिळेल. त्यानेंच तिकीट काढून दिलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां घराच्या पायऱ्या उतरतां उतरतां मीं पुतण्यास फोन केला आणि दोन वाक्यें सांगितलीं : "मी निघालों. विमान दोनच तासांचें आहे."

श्रोतेहो, दोन्ही वाक्यें खरीं होतीं. मी निघालों होतों, आणि विमान दोन तासांचेंच होतें. परंतु दोन खरीं वाक्यें जोडून बोललीं गेलीं आणि त्यांचें मिळून एक खोटें वाक्य झालें. पुतण्यानें तीं जशींच्या तशीं आजाऱ्याच्या कानांवर घातलीं. दादा जन्माचे हिशेबनीस. त्यांनीं दहांत दोन मिळविले आणि बारा वाजल्यापासून ते दाराकडे पाहूं लागले.

मी पोंचलों रात्रीं पावणेदहा वाजतां. दादा शुद्धीवर होते. मला पाहून ते हळू आवाजांत म्हणाले, "मास्तर, तुझें गणित चुकलें." मला वाटलें, थट्टा करताहेत, आणि मीं हंसून त्यांचा हात हातांत घेतला. नंतर वहिनींनीं सांगितलें कीं दुपारीं डॉक्टरांनीं दिलेलें झोपेचें औषध घ्यावयास त्यांनीं साफ नकार दिला होता. मास्तर इतक्यांत येईल आणि मी झोंपलेला असेन, असें म्हणत वेदना सोशीत ते बसून राहिले. जवळजवळ दहा तास. पुढें तीन दिवस त्यांच्याजवळ बसावयास मला मिळाले, याबद्दल मी परमेश्वराचा ऋणी आहें. परंतु त्या दहा तासांचें ऋण कोणाचें, याचा शोध घेतां घेतां मी या विषयाच्या मागें लागलों.

प्रथम मला वाटलें, मोबाइलनें दाखविलेलें अंतरच चुकीचें असावें. म्हणून शाळेचा जुना नकाशासंग्रह काढला. नकाशावरून विमानाचें अंतर काढण्याची एक सोपी युक्ति आहे, ती घरच्या मुलांकडून अवश्य करवून घ्यावी. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साठ मिनिटें, आणि त्यांतील एक मिनिट म्हणजे भूपृष्ठावर एक सागरी मैल. दर्यावर्दी लोकांचें हें माप वैमानिकांनींही जसेंच्या तसें घेतलें आहे; सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. चिकलठाण्याचा विमानतळ १९ अंश ५२ मिनिटें उत्तर अक्षांशावर आहे, दिल्लीचा २८ अंश ३३ मिनिटांवर. वजाबाकी ८ अंश ४१ मिनिटें, म्हणजे ५२१ मिनिटें, म्हणजेच ५२१ सागरी मैल. किलोमीटर करा : ९६५. हें झालें सरळ उत्तरेकडचें अंतर. आतां दिल्ली आपल्या थोडी पूर्वेस आहे. रेखांशांत फरक १ अंश ४२ मिनिटांचा. परंतु रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जातांना आकसत जातो, विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरांचा असला तरी दिल्लीच्या अक्षांशावर सुमारें ९८ किलोमीटरच भरतो. मधला आंकडा घेतला तर आडवें अंतर सुमारें १७० किलोमीटर येतें. एक बाजू ९६५, दुसरी १७०, कर्ण किती? शाळेंतला पायथागोरस येथें उपयोगीं पडतो. कर्ण ९८० किलोमीटर! त्या संध्याकाळीं पाटीवर हें उत्तर आलें तेव्हां मला मोठा आनंद झाला आणि लगेच वाईटही वाटलें. अंतर बिनचूक होतें, तेव्हां दोष दुसरीकडे होता.

अंतराच्या बाबतींत एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. जवळच्या शहरांसाठीं सपाट नकाशा चालतो, दूरच्या देशांसाठीं तो फसवितो. आपणांपैकीं अनेकांचीं मुलें अमेरिकेंत आहेत. सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्यें पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेचा उत्तर भाग आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. पृथ्वीच्या गोलावर हीं दोन शहरें घट्ट दोऱ्यानें जोडा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि रशिया, उत्तर युरोप, ग्रीनलंड यांच्या बाजूनें जातो. तीच खरी जवळची वाट, सुमारें साडेबारा हजार किलोमीटर. आमच्या शाळेंतील गोलास दक्षिण अमेरिकेजवळ मोठा पोंचा पडला होता, तरी हा प्रयोग त्यावर उत्तम होत असे. मुलांचा पहिल्यांदा विश्वास बसत नसे. पांचसहा जण दोरा ओढून पाहत आणि मगच गप्प होत.

याच मार्गावर वाऱ्याचाही खेळ पाहावयास मिळतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रबळ वारे वाहतात. हिवाळ्यांत त्यांचा वेग ताशीं शंभर, दोनशें किलोमीटर आणि कधीं त्याहूनही अधिक असतो. त्यामुळें अमेरिकेहून मुंबईस येणारें विमान वाऱ्याबरोबर येतें आणि जाणारें वाऱ्याविरुद्ध जातें. अंतर तेंच असूनही जाण्यास दीड-दोन तास अधिक लागतात. लंडनच्या प्रवासांतही असाच फरक पडतो. तेव्हां, दोन ठिकाणांमधील अंतर ठरलेलें असलें तरी वेळ ठरलेला नसतो, हें पहिलें.

आतां दिल्लीच्या विमानाकडे वळूं. मोठें प्रवासी विमान पूर्ण उंचीवर ताशीं सुमारें ८३० किलोमीटर वेगानें जातें. माझें फळ्यावरचें सूत्र लावा : ९८० भागिले ८३०, उत्तर एक तास अकरा मिनिटें. मग वेळापत्रकांत एक तास पंचावन्न मिनिटें कां? उरलेलीं पाऊण तासाचीं मिनिटें कोणी चोरलीं?

कोणीं चोरलेलीं नाहींत. छापील वेळ मोजतात ती विमान आपल्या उभें राहण्याच्या जागेवरून हललें तेव्हांपासून, दुसऱ्या विमानतळावर नेमलेल्या जागीं उभें राहीपर्यंत. विमान प्रथम बैलगाडीसारखें संथपणें धांवपट्टीच्या टोंकाशीं जातें. पुढें दुसरें विमान असेल तर थांबतें. उडाल्यावर पूर्ण उंची गांठण्यास त्यास वीस-पंचवीस मिनिटें लागतात, आणि या काळांत त्याचा वेग पुरा नसतो. मुक्कामाच्या आधीं सुमारें दोनशें किलोमीटरांवरच तें उतरूं लागतें आणि वेग कमी करूं लागतें. दिल्लीसारख्या गजबजलेल्या ठिकाणीं उतरण्यासाठीं रांग असते. कधीं आकाशांतच घिरट्या घालाव्या लागतात. उतरल्यावर पुन्हां तीच बैलगाडीची चाल. शिवाय थोडा उशीर झाला तरी वेळापत्रक पाळल्यासारखें दिसावें म्हणून विमान कंपन्या कांहीं मिनिटें पदरीं बांधून ठेवतात, तीं वेगळींच.

हीं चढण्या-उतरण्याचीं मिनिटें लांबच्या आणि जवळच्या प्रवासांत जवळजवळ सारखींच लागतात. यांतून एक मजेचा निष्कर्ष निघतो : प्रवास जितका जवळचा तितकें विमान सरासरीनें हळू. मुंबई-लंडन अंतर सुमारें ७,२०० किलोमीटर. तेथें विमान सरासरी ताशीं सातशेंच्या पुढें जातें. संभाजीनगर-मुंबई अंतर २८० किलोमीटरांपेक्षां थोडें कमी, आणि वेळापत्रकांत वेळ तासाभराची. म्हणजे तेंच विमान येथें ताशीं पावणेतीनशेंवर आलें! विमानाचा वेग विमानाच्या अंगीं असतो असें आपण समजतों. तो बराचसा वाटेच्या लांबीवर अवलंबून असतो.

येथवर आलों तरी दादांचे दहा तास सांपडले नव्हते. तेव्हां मीं पुस्तक मिटलें आणि त्या दिवसाचें रोजचें टिपण काढलें. मला जुनी संवय आहे, प्रवासांत वेळा वहींत लिहून ठेवण्याची. ती वही तुम्हांस वाचून दाखवितों.

दहा वाजतां घर सोडलें. महामार्गावर एस.टी.ची वाट पाहिली. ती आली नाहीं, म्हणून काळी-पिवळीत बसलों. ती भरल्याशिवाय हलत नाहीं, हें सांगणें नको. मांजरसुंब्याचा घाट उतरून अकरा वाजून दहा मिनिटांनीं बीड. सव्वाअकरानंतर बस मिळाली. गेवराई, शहागडला गोदावरीचा पूल, पाचोड, आडूळ, असें करीत अडीचच्या सुमारास संभाजीनगर. रिक्षानें चिकलठाण्यास तीन वाजतां. विमान सुटण्यापूर्वीं साधारण एक तास तेथील खिडकी बंद होते, म्हणजे माझ्या हातीं अर्धाच तास शिल्लक होता. वाटेंत टायर फुटलें असतें तर तिकीट फुकट गेलें असतें. मग रांग, तपासणी, पुन्हां रांग. माझ्या पिशवींतील अडकित्ता तेथें काढून घेण्यांत आला. तो वडिलांच्या वेळचा होता. विमान चाळीस मिनिटें उशिरा, पांच वाजून दहा मिनिटांनीं हललें. सात वाजून पांच मिनिटांनीं दिल्लीस उभें राहिलें. एक तास पंचावन्न मिनिटें, जसें सांगितलें होतें तसें. सामान हातीं येऊन बाहेर पडेपर्यंत सात-चाळीस. तेथून टॅक्सीनें यमुनेपलीकडे, सारें शहर कचेऱ्यांतून घरीं परतत असतांना, दोन तास पांच मिनिटें. दारांत पाऊल ठेवलें पावणेदहास.

एकूण पावणेबारा तास. त्यांपैकीं विमानांत दोन तासांस पांच मिनिटें कमी, म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. या सहाव्या हिश्श्यांत मी ९८० किलोमीटर गेलों. उरलेल्या पांच हिश्शांत दोन्ही टोंकांचे मिळून दोनशें किलोमीटरांच्या आंत-बाहेर. आणि मी मात्र सांगतांना सहावा हिस्सा सांगितला होता.

माझ्यासारखी चूक करणारा मी एकटाच असतों तर मीं तुमचा वेळ घेतला नसता. परंतु विमानतळापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या शहरच्या माणसानें "दोन तासांचें विमान" म्हटलें तर तो फार चुकत नाहीं. दोनाचे पांच होतात. तेंच वाक्य चौसाळ्याच्या माणसानें उच्चारलें कीं दोनाचे बारा होतात. शब्द शहरांत तयार झाला आणि आम्हीं तो तसाच उसना घेतला. शहरांतील नातलग फोनवर सहज म्हणतात, "अहो, विमानानें या कीं, दोन तासांत याल!" त्यांत त्यांचें प्रेम असतें, पण त्यांनीं आमच्या बाजूचा नकाशाही जरा उघडून पाहावा.

दिशेचीही गोष्ट आहे. दिल्लीस जातांना संभाजीनगर निदान वाटेवर तरी पडतें. मुंबईचें पाहा. चौसाळ्यापासून मुंबई सरळ रेषेंत सुमारें तीनशें किलोमीटर पश्चिमेस. विमानासाठीं प्रथम सुमारें एकशें पासष्ट किलोमीटर उत्तरेस जावयाचें, आणि तेथून मुंबई पुन्हां पावणेतीनशें! एवढ्या खटाटोपानंतर अंतर कमी झालें तें वीस किलोमीटर. घरून विमानतळ, तेथील थांबणें, विमान आणि बाहेर पडणें धरलें तर सात तास होतात. मोटारीनें रस्त्याचे सुमारें चारशें किलोमीटर गेलें तर सात-आठ तास. मग पैसे कशासाठीं मोजावयाचे? हैदराबादचें तर याहून विचित्र. १९४८ पर्यंत आमचा बीड जिल्हा निजामाच्या राज्यांत होता आणि हैदराबाद आमची राजधानी. चौसाळ्याहून तें आग्नेयेस, सरळ रेषेंत सुमारें ३३० किलोमीटर. विमानानें जावयाचें तर आधीं हैदराबादकडे पाठ करून उत्तरेस संभाजीनगर गांठावें, आणि तेथून ४३० किलोमीटर उडून यावें! विमानानें जाण्यापूर्वीं आम्ही शंभर किलोमीटर अधिक दूर जाऊन उभे राहतों.

यांत विमानाची निंदा नाहीं. दिल्लीचा प्रवास आगगाडीनें केला असता तर संभाजीनगराहून पुढेंच एक दिवस-रात्र गेली असती, आणि दादांची भेट कदाचित् झालीच नसती. लांबच्या पल्ल्यास विमानास तोड नाहीं. प्रश्न एवढाच कीं त्याचा उपयोग कोठें आणि कसा करावयाचा, हें हिशेबानें ठरवावें.

आणि या हिशेबांत जी रक्कम मी सर्वांत शेवटीं धरली तीच सर्वांत मोठी निघाली. ती म्हणजे वाट पाहणें. पुतण्याचा फोन रात्रीं दहा वाजतां आला होता. संभाजीनगराहून दिल्लीचीं विमानें दिवसांत मोजकींच. म्हणून मी रात्रभर आणि अर्धा दिवस घरांत बसून राहिलों. पुण्याहून दिल्लीस मात्र पहांटेपासून रात्रीपर्यंत विमानें जातात. पुणे आम्हांस संभाजीनगरापेक्षां दूर, आणि पुण्याहून दिल्लीही दूर. चिकलठाण्याहून ९८० किलोमीटर, तर लोहगांवाहून सुमारें ११५०. नकाशा पाहून कोणीही सांगेल, पुण्यास कशाला जातां, उलट पडतें. परंतु त्या रात्रीं अकरा वाजतां मी महामार्गावर उभा राहून पुण्याची बस धरली असती, तर पहांटे पुणें, सातच्या सुमाराचें विमान, सव्वानऊस दिल्ली, आणि अकरा-साडेअकरापर्यंत दादांच्या उशाशीं. म्हणजे सव्वा-दीडशें मैलांचा वळसा घेऊन मी दहा तास आधीं पोंचलों असतों. दादा बारा वाजल्यापासून वाट पाहूं लागले होते. त्यापूर्वीं मी पोंचलों असतों, श्रोतेहो. हें उत्तर मला ते गेल्यावर दोन महिन्यांनीं, एका दुपारीं, पाटीवर सांपडलें. ती पाटी मीं कित्येक दिवस पुसली नाहीं.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी टाटा यांनीं लहानशा पुस मॉथ विमानांतून कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें, हें आपणांस ठाऊक आहे. सकाळीं कराची सोडून दुपारीं ते जुहूच्या मैदानावर उतरले. विमानाचा वेग ताशीं सुमारें शंभर मैल. भारतीय विमानवाहतुकीचा आरंभ म्हणून आपण तो दिवस सांगतों. मला त्यांतील दुसरीच बाजू अधिक मोलाची वाटते. तें टपाल विलायतेहून कराचीपर्यंत दुसऱ्या कंपनीच्या विमानानें येत असे. अडचण होती ती कराचीच्या पुढची. पुढचा तुकडा आगगाडीवर सोडला असता तर आधीं वांचविलेला वेळ तेथें खर्च झाला असता. म्हणून टाटांनीं तो तुकडा हातीं घेतला, आणि त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं मुंबईहून बेल्लारीमार्गें मद्रासेपर्यंत टपाल पुढें नेलें. टपाल खात्याचा हिशेब नेहमींच असा असतो. पत्र विमानतळावर पोंचलें म्हणजे पोंचलें, असें टपालवाला कधीं म्हणत नाहीं. तें दारांत, ज्याचें नांव वर आहे त्याच्या हातांत पडलें म्हणजे पोंचलें. शेवटचा मैल चालत जाणारा पोस्टमन त्या हिशेबांत पहिल्यापासून धरलेला असतो. माणसांच्या बाबतींत मात्र आपण विमानतळाशींच पूर्णविराम देतों.

नवीन विमानतळ झाले, होताहेत, त्यांचीं उद्घाटनें थाटानें होतात. तें सर्व चांगलें आहे. माझें मागणें त्याहून लहान आहे. संभाजीनगरच्या विमानांच्या वेळा पाहून बीडहून एखादी बस थेट चिकलठाण्याच्या दारापर्यंत सुटली, तर माझ्या वहींतील तास-दीड तास आज वांचेल. त्यासाठीं धांवपट्टी बांधावी लागत नाहीं. दोन वेळापत्रकें एका टेबलावर शेजारीं शेजारीं ठेवावीं लागतात.

तोंपर्यंत आमच्या गांवांत हें काम मीच करतों. दादांच्या मागें मला ही एक नवी नोकरीच लागली आहे. कोणाचा मुलगा दुबईस, कोणाची लेक बंगळुरास. जावयाचें ठरलें कीं लोक संध्याकाळीं पारावर येतात. मी एका कागदावर लिहून देतों : घर किती वाजतां सोडावयाचें, बस कोणती, ती चुकली तर दुसरी कोणती, विमानतळावर केव्हां, पलीकडे दारांत केव्हां. विमानाचा आंकडा मी सर्वांत शेवटीं आणि लहान अक्षरांत लिहितों. आणि एक ताकीद देतों कीं, पलीकडच्यांना निघाल्याची वेळ कळवूं नका, पोंचण्याची कळवा. तीही तासभर उशिराची.

गेल्या महिन्यांत आमच्या गल्लींतील एक आजी आल्या. नातू बंगळुरास नोकरीस, त्याच्या घरीं पाळणा हललेला, आणि पणतू पाहावयास त्या प्रथमच विमानांत बसणार होत्या. सोबतीला धाकटा मुलगा. त्यांनीं विचारलें, "गुरुजी, इमान किती तासाचं हाय म्हणायचं?"

मीं म्हटलें, "आजी, विमानाचें राहूं द्या. तुम्ही पहांटे चारला घर सोडा. पुण्याहून विमान धरा. दिवेलागणीच्या आधीं पणतू मांडीवर असेल."

आजींनीं बोटांवर कांहीं मोजलें आणि म्हणाल्या, "मग भाकरी एका वक्ताची बांधू का दोन वक्ताची?"

मीं सांगितलें, दोन वक्तांची बांधा.